परवान्यावरची तारीख



व्यापाऱ्याच्या घरात तारखेचे महत्त्व लहानपणापासून अंगी मुरलेले असते. कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी केव्हा यायची, बँकेचा हप्ता केव्हा जायचा, जीएसटीचे विवरणपत्र केव्हा भरायचे, दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण केव्हा करायचे, हे ज्याच्या ध्यानी नाही त्याला गादीवर बसवले जात नाही. असे असताना आपल्याच घरातील मुलगा परदेशात ज्या कागदाच्या आधाराने राहतो, त्या कागदावरची तारीख मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मला तरी ती ठाऊक नव्हती.

माझे दुकान रोह्यात आणि थोरल्या बहिणीचे घर पेणला. २०२३ च्या ऑक्टोबरात, आश्विनातील आयंबिलची ओळी चालू असताना, ताईला भेटण्यासाठी मी दिवा-रोहा गाडीने पेणला गेलो होतो. सायंकाळी न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. नातीचे बोबडे बोल ऐकून झाले, ताईच्या तपाची सुखसाता विचारून झाली. शेवटी तो हळूच म्हणाला, “मामा, जरा ओट्यावर जाऊन बोलाल का?” ओट्यावर आलो तेव्हा त्याने सांगितले, “माझी सहा वर्षे पुढच्या वर्षी संपत आहेत. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीने अजून केलेला नाही. पप्पांना कसे सांगावे ते समजत नाही.”

भावोजी त्या वेळी दुकानात होते. मुलगा अमेरिकेत स्थिर झाला, हे त्यांनी साऱ्या बाजारपेठेला सांगितलेले होते. भाच्याच्या लग्नाच्या वेळी छापलेल्या परिचयपत्रकात ‘अमेरिकेत स्थायिक’ हे शब्द ठळक अक्षरांत होते. त्या दिवशी त्याच्या हातात प्रत्यक्षात होता तो तीन वर्षांचा एक परवाना. लबाडी कोणीच केली नव्हती. मुदतीचा माल आपण कायमचा म्हणून वहीत लिहिला, एवढीच चूक झाली होती, आणि ती आम्ही सर्वांनी मिळून केली होती.

पुढील तेरा महिन्यांत आमच्या घराने जे शिकले ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. भाच्याची त्याला संमती आहे.

सहा वर्षांचे गणित

अमेरिकेत उच्चशिक्षित नोकरदाराला मिळणारा एच-१बी हा परवाना १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आला. वर्षाकाठी ६५,००० नवे परवाने आणि अमेरिकेतील विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात, म्हणून सोडत निघते. परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि एकूण सहा वर्षांचा असतो. सहा वर्षे पुरी झाली की सर्वसाधारणपणे तो देश सोडावा लागतो आणि एक वर्ष बाहेर काढल्यावरच नव्या सहा वर्षांसाठी मागणी करता येते.

या नियमाला एक मोठा अपवाद २००० सालच्या कायद्याने करून दिला. ग्रीन कार्डाच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे श्रम खात्याचे प्रमाणपत्र. त्यासाठीचा अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस लोटले असतील, तर सहा वर्षांनंतरही एकेक वर्षाची वाढ मिळते. त्यापुढचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला असून केवळ रांगेमुळे ग्रीन कार्ड अडले असेल, तर तीन तीन वर्षांची वाढ मिळत राहते. भारतात जन्मलेल्यांची सारी भिस्त या अपवादावर आहे. कारण नोकरीच्या आधारावरील ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील सात टक्क्यांहून अधिक साधारणतः मिळत नाहीत. रांग नागरिकत्वावर ठरत नाही, जन्मस्थानावर ठरते. पेणच्या सूतिकागृहात जन्मलेला मुलगा उद्या दुसऱ्या एखाद्या देशाचा नागरिक झाला तरी उभा राहतो तो भारताच्याच रांगेत, आणि ती रांग दहा वर्षांहूनही लांब गेलेली आहे.

भाच्याचा परवाना १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाला, म्हणजे तो ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपणार होता. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आणि आजीच्या आजारपणात तो भारतात आला होता, ते दिवस मिळून ४२ भरले. परवानाधारकाने अमेरिकेबाहेर घालवलेले पूर्ण दिवस पुराव्यानिशी सहा वर्षांत पुन्हा जोडून मिळतात. पारपत्रावरील शिक्के, विमानाची तिकिटे, सारे काही ताईने एका पिशवीत जपून ठेवले होते, ते असे कामी आले. नवी मुदत ठरली ११ नोव्हेंबर २०२४.

परंतु याचाच दुसरा अर्थ असा होता की श्रम खात्याकडील अर्ज ११ नोव्हेंबर २०२३ पूर्वी दाखल झाला तरच पुढील वाढीत खंड पडणार नव्हता. आम्ही ओट्यावर बोलत होतो तेव्हा त्याला अवघे तीन आठवडे उरले होते.

गणपती कधी रंगवायला घेतात?

पेणच्या माणसाला हे गणित समजावून सांगण्याची गरज पडू नये. हमरापूर, जोहे आणि पेण शहरातील कारखान्यांत गणेशमूर्तींचे काम एक चतुर्थी आटोपली की पुढच्या चतुर्थीसाठी सुरू होते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कित्येक महिने आधी खोक्यांत भरून बंदराकडे निघतात, कारण जहाजाला लागणारे दिवस कोणाच्या घाईने कमी होत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाडूला हात घालणारा कारखानदार पेणमध्ये सापडणार नाही. तिथी अगोदर ठरलेली असते आणि सारे काम तिच्यापासून मागे मोजत आखले जाते.

परवान्याचेही तसेच आहे. श्रम खात्याकडे अर्ज करण्यापूर्वी कंपनीला त्या कामाचे प्रचलित वेतन सरकारकडून ठरवून घ्यावे लागते, मग जाहिराती देऊन त्या जागेसाठी स्थानिक उमेदवार मिळत नाही हे दाखवावे लागते. या पूर्वतयारीतच वर्षाचा मोठा भाग सरतो. त्यानंतर अर्ज, त्यानंतरचे ३६५ दिवस. म्हणून चौथे वर्ष संपण्यापूर्वी हे चाक फिरू लागलेले असावे, असे हिशेबच सांगतो. भाच्याने चौथ्या वर्षी विचारले तेव्हा “पुढील तिमाहीत पाहू” असे उत्तर मिळाले. पाचव्या वर्षी त्या क्षेत्रात नोकरकपातीची लाट आली. आपल्याकडील माणसे कमी करणाऱ्या कंपनीला स्थानिक उमेदवार मिळत नाही हे दाखवणे अवघड जाते, म्हणून काम थांबले. अर्ज अखेर दाखल झाला तो २०२४ च्या फेब्रुवारीत, तीन महिने उशिरा.

कंपनीला मी दोष देत बसत नाही. तिला तिचा व्यवसाय होता, तारीख आमची होती. ती आम्ही विचारली नाही आणि त्याने सांगितली नाही. “कसे चालले आहे?” या प्रश्नाला “छान” हे उत्तर ऐकण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की वेगळे उत्तर देण्याचा धीर त्याला झाला नाही.

तेव्हा वाचकांनी आपल्या मुलामुलींना आजच तीन तारखा विचाराव्यात. पहिली तारीख पारपत्रावरील व्हिसाची. ती देशात प्रवेश करण्यापुरती असते. दुसरी आय-९४ या नोंदीवरची. तिथे किती दिवस राहता येईल हे ती ठरवते, आणि तीच खरी तारीख. तिसरी खुद्द पारपत्राची. पारपत्र लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी राहण्याची मुदतही तेवढीच तोकडी देऊ शकतो, आणि अशी तोकडी नोंद पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

ज्या वाटा खऱ्या आहेत

शेवटच्या वर्षात आम्ही प्रत्येक दार ठोठावून पाहिले. सूनबाई लेखापाल आहेत. पतीच्या परवान्यावर अवलंबून असलेल्या पत्नीने घालवलेला काळ तिच्या स्वतःच्या सहा वर्षांत धरला जात नाही. तिला स्वतंत्र परवाना मिळाला तर पती तिच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतो, मात्र त्याला काम करता येत नाही. एका हिशेबनीसाच्या पेढीने सूनबाईंना नोकरी देऊ केली आणि २०२४ च्या मार्चमधील सोडतीत त्यांचे नाव घातले गेले. ते निघाले नाही.

कॅनडाने २०२३ च्या जुलैत अमेरिकेतील एच-१बी धारकांसाठी कामाचा खास परवाना खुला केला होता. त्याच्या १०,००० जागा दोन दिवसांच्या आत भरल्या. भाचा त्या वेळी कंपनीच्या उत्तराची वाट पाहत होता.

नोकरी मध्येच गेली तर काय, हेही प्रत्येक घराने जाणून घ्यावे. अमेरिकेत २०१७ पासून अशा माणसाला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. परवाना त्याआधीच संपत असेल तर तेवढीही नाही. त्या काळात नवी कंपनी शोधून तिने अर्ज दाखल केला तर काम पुढे चालू ठेवता येते. मुदतीपूर्वी कंपनीनेच कामावरून काढले असेल, तर मायदेशी परतण्याचा वाजवी खर्च देणे तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी पोहोचला असेल, तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येते. एक दिवस उशीर झाला तर ही मुभा राहत नाही.

अन्य देशांतही तत्त्व हेच आहे. कॅनडात शिक्षणानंतर मिळणारा कामाचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि आयुष्यात एकदाच मिळणारा असतो. मुदतीच्या आत पात्र अर्ज केला तर निर्णयापर्यंत पूर्वीचा दर्जा टिकतो. मुदत उलटली तर दर्जा परत मागण्यासाठी ९० दिवस असतात, पण त्या दिवसांत काम करता येत नाही. जर्मनीत निळे कार्ड घेतलेल्या नोकरदाराला जर्मन भाषा मध्यम पायरीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी, आणि प्राथमिकच येत असेल तर २७ महिन्यांनी स्थायी वास्तव्याची मागणी करता येते. भाषेचा अभ्यास केला तर सहा महिने वाचतात, असा हा रोकडा हिशेब आहे.

ज्या वाटा खोट्या आहेत

तारीख जवळ आली की सल्ला देणारे वाढतात. कोणी सांगतो, नावापुरते एखाद्या महाविद्यालयात नाव घाला आणि विद्यार्थी म्हणून राहा. कोणी कागदोपत्री नोकरी दाखवून देतो. कोणी लग्नाचीही व्यवस्था सुचवतो. भाच्यालाही असे फोन आले. २०१९ च्या जानेवारीत मिशिगन राज्यात जे घडले ते त्याला ठाऊक होते, म्हणून तो बचावला. तेथे ‘फार्मिंग्टन’ नावाचे एक विद्यापीठ होते. त्यात ना वर्ग भरत, ना शिक्षक होते. शुल्क भरून विद्यार्थ्याचा दर्जा टिकवण्यासाठी शेकडो तरुणांनी तेथे नावे घातली. ते विद्यापीठ अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून उभारलेले होते. शंभराहून अधिक जण धरले गेले आणि त्यांत बहुतेक भारतीय होते.

मुदत उलटून बेकायदा राहण्याची शिक्षाही १९९६ च्या कायद्यात स्पष्ट आहे. १८० दिवसांहून अधिक राहून जो देश सोडतो त्याला तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक राहून सोडतो त्याला दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. वर्षभराच्या पगारासाठी दशकभराची वाट बंद करणे हा व्यापार म्हणूनही तोट्याचाच.

धर्माच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर अधिकच सोपे आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटी वजनेमापे आणि भेसळ यांच्या पंक्तीलाच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. ज्या राज्यात राहायचे त्याचा नियम चुकवणे आणि तराजूत दांडी मारणे ही एकाच जातीची पापे मानली गेली. दिग्व्रतात श्रावक आपल्या हिंडण्याफिरण्याची सीमा ठरवतो. त्या व्रताच्या अतिचारांत ‘स्मृत्यंतर्धान’ आहे, म्हणजे ठरवलेल्या सीमेचे विस्मरण. आचार्यांनी विस्मरणालाही दोष का म्हटले असावे, हे मला त्या ओट्यावर उभे असताना प्रथम उमगले.

आणखी एक वाट आहे. ती खोटी नाही, पण व्यापारी घराला भुरळ घालणारी आहे. ईबी-५ या योजनेत रोजगार कमी असलेल्या किंवा ग्रामीण भागात ८,००,००० डॉलर, अन्यत्र १०,५०,००० डॉलर गुंतवून आणि दहा जणांना पूर्णवेळ रोजगार निर्माण करून ग्रीन कार्ड मागता येते. भावोजींनी ते ऐकले आणि खाडीकडच्या बाजूला असलेली जमीन विकण्याची भाषा सुरू केली. तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. म्हणजे एका वर्षात रक्कम पोहोचवायची तर घरातील चार जणांच्या मर्यादा खर्ची पडणार. त्या वेळच्या नियमानुसार वर्षाला सात लाख रुपयांपलीकडील गुंतवणुकीच्या रकमेवर उगमस्थानीच वीस टक्के कर कापला जाणार. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर भांडवल अडकते. पै-पैचा उगम कागदोपत्री दाखवावा लागणार, जमिनीच्या व्यवहारातील रोकड तेथे चालत नाही. आणि गुंतवणूक बुडण्याचा धोका असणे ही त्या योजनेची अटच आहे, परतफेडीची हमी देताच येत नाही. ताईने शेवटी एकच प्रश्न विचारला, “हे त्याने मागितले आहे का?” त्याने मागितले नव्हते. जमीन राहिली.

आधीच्या पिढ्यांनी काय पाहिले

परवान्याची मुदत आणि व्यापारी जैन कुटुंब यांची गाठ काही आज पडलेली नाही. जामनगर परिसरातील खेड्यांतून ओसवाल जैन कुटुंबे केनियात गेली आणि लहान लहान गावांत त्यांनी दुकाने थाटली. १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. तेथील भारतीय वंशाच्या बहुतेकांना नागरिकत्वाचा अर्ज करण्यास दोन वर्षे मिळाली. पुष्कळांनी ब्रिटिश पारपत्र हाती ठेवणे पसंत केले. १९६७ मध्ये दोन कायदे आले. नागरिक नसलेल्याला कामाचा परवाना आवश्यक ठरला, आणि कोणत्या भागात व कोणत्या मालाचा व्यापार करता येईल यावर बंधने आली. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, पण दुकानदार एकाएकी मुदतीचा झाला. ब्रिटनकडे रीघ लागली, तेव्हा ब्रिटनने घाईघाईने कायदा केला आणि १ मार्च १९६८ पासून स्वतःच्याच पारपत्रधारकांना दार आवळून घेतले. आज इंग्लंडमध्ये ओसवाल समाजाची जी भरभराट दिसते, तिच्यामागे अशा अनेक रात्री आहेत.

आपल्या पेण-रोह्याचीही एक आठवण आहे. येथील बेने इस्रायल बांधव शतकानुशतके कोकणात राहिले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची आहेत. इस्रायल स्थापन झाल्यावर ते तिकडे गेले. १९५० च्या तेथील कायद्याने त्यांना वास्तव्याचा हक्क दिला, त्यांच्या कागदावर मुदतीची तारीख नव्हती. तरीही आरंभीची वर्षे कठीण गेली. १९५२ च्या सुमारास काही कुटुंबे मुंबईला परत आली आणि त्यांतील बरीच पुढे पुन्हा गेली. परतणे म्हणजे दार कायमचे बंद होणे, असे त्यांनी मानले नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवले. गाव सुटले तरी आडनावात आणि भाषेत ते टिकून राहिले.

परतीचा हिशेब

२०२४ च्या ऑगस्टमध्ये भाच्याने स्वतःच सांगितले, “मी येतो. शेवटच्या दिवसाची वाट पाहत नाही.” त्यानंतर घरात एक वेगळीच वही उघडली गेली. काय बुडाले आणि काय उरले, हे तीत लिहिले.

उरले ते पुष्कळ होते. शैक्षणिक कर्ज फिटलेले होते. तेथील निवृत्तिनिधीचे खाते परतल्यावरही ठेवता येते, घाईने मोडून दंड भरावा लागत नाही. दीर्घ वास्तव्यानंतर परतणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे बहुधा ‘निवासी परंतु सामान्य निवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर येथे सहसा कर लागत नाही. डॉलर लगेच रुपयांत बदलावे लागत नाहीत, ते परकीय चलनाच्या निवासी खात्यात ठेवता येतात. नात तेथे जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक. तिच्यासाठी ओसीआय कार्ड आधीच काढून ठेवले होते, त्यामुळे पेणला राहण्यास तिला अडचण आली नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे श्रम खात्याकडील अर्ज रद्द होत नाही. ग्रीन कार्ड हे भावी नोकरीसाठी असते, ते मागणारा त्या वेळी अमेरिकेत असलाच पाहिजे असे नाही. पुढील पायरी मंजूर झाली की रांगेतील त्याची तारीख सहसा कायम राहते.

बुडाले तेही लिहिले. तेथील सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून कापले गेलेले पैसे परत मिळत नाहीत. निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची नोंद लागते, आणि दोन देशांतील नोंदी एकत्र धरण्याचा करार भारत व अमेरिका यांच्यात झालेला नाही. सूनबाईंनी लावलेली घडी मोडली. नातीची शाळेतील मैत्रीण राहिली. यांची किंमत वहीत लिहिता येत नाही, म्हणून त्या ओळीपुढचा रकाना कोरा ठेवला.

भावोजींना सांगण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी रोह्याहून गेलो, दुकान बंद होईपर्यंत बसलो आणि सारे सांगितले. ते बराच वेळ गल्ल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मला एक वर्ष आधी का नाही सांगितले? मी काय रागावलो असतो?” मी म्हणालो, “रागावला नसता. पण लोकांना काय सांगायचे, हे विचारले असते.” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शेजारच्या दुकानदाराला सांगितले की मुलाचा परवाना संपतो आहे आणि तो घरी येत आहे. शेजाऱ्याने विचारले, “कोणत्या गाडीने?” एवढेच. ज्या प्रश्नाच्या भीतीने दोन वर्षे गेली तो कोणी विचारलाच नाही.

ज्ञानपंचमी

६ नोव्हेंबर २०२४ रोजी, मुदतीला पाच दिवस शिल्लक असताना, भाचा कुटुंबासह पेणला पोहोचला. तो दिवस ज्ञानपंचमीचा होता. दिवाळीनंतर दुकाने त्याच दिवशी मुहूर्ताने उघडतात. भावोजींनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले आणि वही नातीच्या हाती दिली.

भाचा आता त्याच कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात काम करतो आणि शनिवार-रविवार पेणला येतो. श्रम खात्याचे प्रमाणपत्र मध्यंतरी मिळाले. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-१बीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर लावण्याचा आदेश काढला. तिथेच राहून मुदतवाढ मागणाऱ्यांना त्यातून वगळले, पण बाहेरून नव्याने जाणाऱ्यांची वाट त्याने महाग केली. ती बातमी आली तेव्हा ताईने भीत भीत त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “मम्मी, माझा नंबर आहे तिथेच आहे. मी आहे इथे.”

ज्यांची मुले आज परदेशात आहेत त्यांनी असे समजू नये की हा लेख परत बोलावण्यासाठी लिहिला आहे. पुष्कळांना तेथे राहता येईल, आणि वेळेत पावले उचलली तर सन्मानाने राहता येईल. नियम सतत बदलतात, म्हणून निर्णयापूर्वी त्या देशाच्या सरकारी सूचना आणि तेथील अधिकृत वकील यांचाच आधार घ्यावा. आपण घरी बसून करायचे काम लहान आहे. पुढच्या वेळी फोन आला की हवापाण्याच्या आधी ती तारीख विचारावी, ती घरच्या वहीत लिहावी, आणि तिच्यापासून दोन वर्षे मागे मोजून दुसरी तारीख लिहावी. मुलाला त्या दुसऱ्या तारखेला फोन करावा. उत्तर काहीही आले तरी ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवावे.